पांढरपेशा व्यवसायांतील समावेशक शिकाऊ उमेदवारी

बँका, विमा कंपन्या, लेखापरीक्षण संस्था, माहिती तंत्रज्ञान कंपन्या आणि इतर कार्यालये यांतील कामे विद्यावेतन घेऊन, प्रत्यक्ष कामाच्या जागी ठरावीक मुदतीत शिकण्याच्या पद्धतीस पांढरपेशा किंवा कार्यालयीन शिकाऊ उमेदवारी असे म्हणतात. दिव्यांग व्यक्ती, महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांतील तरुण, ग्रामीण व अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थी आणि घराण्यात प्रथमच कार्यालयीन नोकरीकडे वळणारे उमेदवार यांना या प्रशिक्षणात वास्तविक प्रवेश मिळावा अशा रीतीने त्याची आखणी केली असता ती शिकाऊ उमेदवारी समावेशक ठरते. भारतात शिकाऊ उमेदवारीचा मुख्य कायदेशीर आधार शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ हा आहे. आरंभी कारखान्यांतील व्यवसायांपुरती असलेली ही व्यवस्था २०१४ च्या दुरुस्तीनंतर कार्यालयीन कामांपर्यंत विस्तारली. उमेदवाराची निवड, प्रशिक्षण, विद्यावेतन आणि शेवटी नोकरी देण्याचा निर्णय या चारही गोष्टी बव्हंशी नियोक्त्याच्या हाती असल्यामुळे समावेशकतेचे यशापयश मोठ्या प्रमाणात त्याच्या धोरणावर अवलंबून असते.

संज्ञा

'उमेदवार' हा शब्द फारसी 'उमेद' म्हणजे आशा या शब्दापासून मराठीत आला. आशा धरून असलेला तो उमेदवार. कायमची जागा मिळेल या भरवशावर कचेरीत बिनपगारी किंवा नाममात्र वेतनावर काम करीत राहणे यास 'उमेदवारी करणे' असे म्हटले जाई, आणि हा वाक्प्रचार आजही रूढ आहे. अशी उमेदवारी ज्याच्या घरी दोन वेळच्या जेवणाची सोय होती त्यालाच परवडे.

'पांढरपेशा' या शब्दालाही सामाजिक इतिहास आहे. शारीरिक श्रम न करता लेखणीवर उपजीविका करणारा वर्ग हा त्याचा रूढ अर्थ होय. कोकणातील महसूल व्यवस्थेत 'पांढरपेशे' ही सवलतीच्या दराने सारा भरणाऱ्या, प्रामुख्याने उच्चवर्णीय खातेदारांची संज्ञा होती. कार्यालयीन काम आणि विशिष्ट समाजगट यांचा संबंध या शब्दांतच साठलेला दिसतो. समावेशक शिकाऊ उमेदवारीचा उद्देश हा संबंध सैल करणे हा आहे.

'आंतरवासिता' किंवा इंटर्नशिप ही शिकाऊ उमेदवारीहून वेगळी आहे. शिकाऊ उमेदवारीत उमेदवार आणि नियोक्ता यांच्यात कायद्यानुसार नोंदणीकृत करार होतो, किमान विद्यावेतन ठरलेले असते आणि प्रशिक्षणाअंती प्रमाणपत्र मिळते. आंतरवासितेत या गोष्टी असतीलच असे नाही.

पार्श्वभूमी

कार्यालयीन कामासाठी शिकाऊ उमेदवारी ही भारतात सर्वस्वी नवी कल्पना नाही. सनदी लेखापाल होण्यासाठी अनुभवी लेखापालाच्या हाताखाली आर्टिकलशिप करावी लागते. तिची मुदत दीर्घकाळ ३ वर्षे होती. २०२३ मध्ये लागू झालेल्या नव्या योजनेत ती २ वर्षे करण्यात आली. मुंबईत सॉलिसिटर होण्यासाठीही आर्टिकलशिपची परंपरा आहे. मात्र अशा ठिकाणी जागा अनेकदा ओळखीतून मिळते आणि अल्प विद्यावेतनावर मोठ्या शहरात राहण्याचा खर्च कुटुंबाला उचलावा लागतो. त्यामुळे ही दारे उघडी असली तरी सर्वांना सारखी उघडी नव्हती.

१९६१ च्या अधिनियमाचा भर फिटर, टर्नर, वेल्डर, वीजतंत्री अशा कारखान्यांतील व्यवसायांवर होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आणि १९८६ च्या दुरुस्तीने उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसाय अभ्यासक्रमाचे विद्यार्थी कायद्याच्या कक्षेत आले. २०१४ च्या दुरुस्तीने दोन मोठे बदल केले. वाणिज्य, कला व विज्ञान शाखांचे पदवीधरही शिकाऊ उमेदवार होऊ शकतील अशी तरतूद झाली. तसेच शासनाने नियत केलेल्या व्यवसायांखेरीज 'ऐच्छिक व्यवसाय' हा नवा वर्ग निर्माण झाला. ऐच्छिक व्यवसायाचा अभ्यासक्रम नियोक्ता आपल्या गरजेनुसार ठरवू शकतो. बँकेतील शाखा-कामकाज, विमा दाव्यांची छाननी, मनुष्यबळ विभागातील नोंदी, संगणकीय लेखा अशा कामांसाठी शिकाऊ उमेदवार घेणे यामुळे सोपे झाले. २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवी अभ्यासक्रमांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

कायदेशीर चौकट

२०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्यांची संख्या कंत्राटी कर्मचाऱ्यांसह एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के या मर्यादेत असावी लागते. उदाहरणार्थ, २०० कर्मचारी असलेल्या कार्यालयास किमान ५ आणि कमाल ३० उमेदवार घेता येतात. ४ ते २९ कर्मचारी असलेल्या लहान आस्थापनांना ही बाब ऐच्छिक आहे. नेमून दिलेल्या संख्येत कमतरता राहिल्यास दर उमेदवारामागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये व त्यानंतर दरमहा १००० रुपये दंडाची तरतूद आहे. २०१४ पूर्वी असलेली कारावासाची शिक्षा त्या वर्षीच्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली.

याच नियमांनी पहिल्या वर्षाचे किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५००० ते ९००० रुपये असे ठरवले. पदवीधरांसाठी ते ९००० रुपये होते. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या रकमांत ३६ टक्के वाढीची शिफारस केली. किमान रकमेपेक्षा अधिक विद्यावेतन देण्यास नियोक्त्याला कोणतीही आडकाठी नाही.

खर्चाचा काही भाग केंद्र शासन उचलते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत पदवीधर व पदविकाधारकांच्या किमान विद्यावेतनाच्या ५० टक्के वाटा केंद्राचा असतो. मुंबई, चेन्नई, कानपूर व कोलकाता येथील प्रादेशिक मंडळांमार्फत तिची अंमलबजावणी होते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात विद्यावेतनाच्या २५ टक्के, परंतु दरमहा कमाल १५०० रुपये, इतका वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो.

समावेशकतेशी संबंधित तरतुदी दोन कायद्यांत विभागलेल्या आहेत. शिकाऊ उमेदवार अधिनियमात नियत व्यवसायांतील जागा अनुसूचित जाती व जमातींसाठी राखून ठेवण्याची तरतूद असून इतर मागासवर्गासाठीची तरतूद नंतरच्या दुरुस्तीने जोडण्यात आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करणे अपेक्षित आहे. खासगी क्षेत्रातील मनुष्यबळात किमान ५ टक्के व्यक्ती लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या असाव्यात, यासाठी नियोक्त्यांना प्रोत्साहन देण्याची जबाबदारी हा कायदा शासनावर टाकतो. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून केलेल्या आवश्यक व अवाजवी भार न टाकणाऱ्या बदलांना या कायद्यात वाजवी सोयींचे स्थान आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात अशा सोयी हा समानतेच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले.

नियोक्त्याचा दृष्टिकोन

निवडीची अचूकता

कार्यालयीन नोकरीसाठी साधारणतः पदवी, गुणांची टक्केवारी, इंग्रजी संभाषण आणि अर्ध्या तासाची मुलाखत यांवरून निवड होते. यांतील बऱ्याच गोष्टी उमेदवाराच्या कामाइतकीच त्याच्या घरच्या परिस्थितीची मोजणी करतात. शहरातील शाळेत शिकलेल्या मुलास जे संभाषण सहज साधते ते तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेल्या मुलीस पहिल्या भेटीत साधत नाही. परंतु खतावणीतील चूक शोधण्याची तिची क्षमता मुलाखतीत दिसतच नाही. शिकाऊ उमेदवारीत नियोक्ता वर्षभर प्रत्यक्ष काम पाहतो. नेमणुकीचा निर्णय अनुमानाऐवजी अनुभवावर घेता येणे हा त्याचा सर्वांत मोठा लाभ मानला जातो. हाच लाभ एका अटीवर अवलंबून असतो. प्रशिक्षणासाठीची निवडच जुन्या निकषांवर झाली, तर मुलाखतीत मागे पडणारे उमेदवार या अनुभवाच्या टप्प्यापर्यंत पोहोचत नाहीत.

खर्च

वरील ९००० रुपयांच्या दराने एका पदवीधर उमेदवाराचे वार्षिक विद्यावेतन १,०८,००० रुपये होते. केंद्राचा अर्धा वाटा मिळाल्यास नियोक्त्यावर ५४,००० रुपयांचा भार राहतो. याखेरीज मार्गदर्शक कर्मचाऱ्याचा वेळ, संगणक, परवानाकृत प्रणाली आणि प्रशासकीय नोंदी यांचा खर्च असतो. पहिले काही महिने उमेदवाराच्या कामापेक्षा त्याला शिकवण्यात जाणारा वेळ अधिक असतो. मुदतीच्या उत्तरार्धात हे पारडे बदलते. म्हणून प्रशिक्षण पूर्ण होताच उमेदवार निघून गेल्यास नियोक्त्याचे नुकसान होते, आणि नोकरी देण्याचे स्पष्ट धोरण असल्यास ते टळू शकते.

स्थानिक ग्राहक

सेवा क्षेत्रात ग्राहकाची भाषा व परिस्थिती जाणणारा कर्मचारी उपयुक्त ठरतो. भारतीय स्टेट बँकेच्या शिकाऊ उमेदवार भरतीत जागा राज्यनिहाय असतात, आणि संबंधित स्थानिक भाषा शाळेत शिकल्याचा पुरावा नसलेल्या उमेदवाराची त्या भाषेची चाचणी घेतली जाते. महाराष्ट्रातील शाखेत पीककर्जाचा अर्ज समजावून सांगताना मराठी हे कामाचेच साधन असते. इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक सहज वावरणाऱ्या उमेदवाराकडे उणीव म्हणून न पाहता कौशल्य म्हणून पाहण्याचे हे उदाहरण होय.

शंका व जोखीम

ग्राहकांची गोपनीय माहिती, कामातील चुका आणि देखरेखीचा ताण या नियोक्त्यांच्या नेहमीच्या शंका आहेत. माहितीप्रणालीतील प्रवेशाधिकार टप्प्याटप्प्याने वाढवणे, आरंभी सरावासाठीच्या नोंदींवर काम देणे आणि अंतिम मंजुरी कायम कर्मचाऱ्याकडे ठेवणे हे त्यांवरील प्रचलित उपाय आहेत. दिव्यांग उमेदवाराच्या सोयींचा खर्च फार मोठा असेल ही भीतीही आढळते. प्रत्यक्षात कामाची पद्धत बदलणे, बसण्याची जागा बदलणे किंवा विनामूल्य उपलब्ध असलेली संगणक प्रणाली बसवणे यांसारख्या अनेक सोयींना अत्यल्प खर्च येतो.

समावेशक रचनेचे घटक

जाहिरात व अर्ज: केवळ इंग्रजी संकेतस्थळावरील जाहिरात मर्यादित उमेदवारांपर्यंत पोहोचते. जिल्हा कौशल्य विकास केंद्रे, ग्रामीण महाविद्यालये, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था यांसारख्या संस्थांद्वारे उमेदवारांचा शोध घेतल्यास अर्जदारांचे वर्तुळ विस्तारते.

पात्रता: कामाला खरोखर आवश्यक असलेलीच अट ठेवणे हे मूलतत्त्व होय. ज्या कामाला बारावीचे गणित व संगणकाचा सराव पुरेसा आहे तेथे पदवीची अट घातल्यास योग्य उमेदवार विनाकारण वगळले जातात. गटचर्चेऐवजी कामाचा लहान नमुना करून घेणे अधिक न्याय्य मानले जाते. कर्णबधिर उमेदवारास सूचना लेखी अथवा भारतीय सांकेतिक भाषेतून आणि दृष्टिहीन उमेदवारास चाचणी संगणकावर वाचता येईल अशा स्वरूपात द्यावी लागते.

विद्यावेतन: मुंबई किंवा पुण्यात खोलीभाडे, खाणावळ आणि प्रवास यांचा खर्च किमान विद्यावेतनातून भागवणे कठीण असते. घरून पैसे मागवू न शकणारा उमेदवार अशा वेळी जागा सोडतो. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणच्या शाखांत प्रशिक्षण देणे, निवासाची सोय करणे किंवा किमान रकमेत भर घालणे हे समावेशकतेचे निर्णायक उपाय ठरतात.

कामाची मांडणी: दृष्टिहीन वाणिज्य पदवीधर पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडर प्रणालीच्या साहाय्याने पत्रव्यवहार, हिशेब व माहिती-नोंद करू शकतो. एनव्हीडीए ही अशी विनामूल्य प्रणाली आहे. परंतु कर्जाची कागदपत्रे केवळ छायाचित्राच्या रूपात साठवलेली असतील किंवा कार्यालयीन प्रणालीतील कळींना नावे दिलेली नसतील, तर ती प्रणाली मूक राहते. तेथे अडथळा उमेदवाराच्या दृष्टीत नसून कागदपत्रांच्या स्वरूपात असतो, आणि तो दूर करणे नियोक्त्याच्या आवाक्यात असते. चाकाच्या खुर्चीचा वापर करणाऱ्यासाठी प्रवेशद्वार व स्वच्छतागृह, तर उशिरा घरी परतणाऱ्या महिलेसाठी कामाच्या वेळा व प्रवास यांचा असाच विचार करावा लागतो.

मार्गदर्शक: प्रत्येक उमेदवारास एक नेमका मार्गदर्शक असणे आवश्यक मानले जाते. ई-पत्र कसे लिहावे, बैठकीत शंका केव्हा विचारावी, रजा कोणाकडे मागावी यांसारखे अलिखित नियम कार्यालयीन वातावरणात वाढलेल्यांना घरीच समजतात. पहिल्या पिढीतील उमेदवारास ते कोणीतरी सांगावे लागतात. मार्गदर्शकाच्या नेहमीच्या कामातून या कामासाठी वेळ वजा न केल्यास प्रशिक्षण कागदावरच राहते.

इतर देशांतील पद्धती

जर्मनीत शिकाऊ उमेदवार आठवड्यातील काही दिवस कंपनीत आणि काही दिवस व्यवसायशाळेत शिकतो. या दुहेरी पद्धतीत सुमारे ३२५ मान्यताप्राप्त व्यवसाय असून बँक कर्मचारी, विमा व कार्यालयीन व्यवस्थापन यांचा त्यांत समावेश आहे. तेथे २० किंवा अधिक जागा असलेल्या नियोक्त्याने ५ टक्के जागांवर तीव्र दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती नेमाव्यात, अन्यथा भरपाईशुल्क भरावे असा नियम आहे. तीव्र दिव्यांगत्व असलेला शिकाऊ उमेदवार या हिशेबात दोन जागांच्या बरोबरीचा धरला जातो.

इंग्लंडमध्ये २०१५ पासून पदवीस्तरीय शिकाऊ उमेदवारी सुरू झाली. आता पूर्णवेळ विद्यापीठात न जाता शिकाऊ उमेदवारीतून सॉलिसिटर होण्याचा मार्गही उपलब्ध आहे. २०१७ पासून वार्षिक वेतनखर्च ३० लाख पौंडांहून अधिक असलेल्या नियोक्त्यांकडून ०.५ टक्के दराने शुल्क घेतले जाऊ लागले.

अमेरिकेतील शिकाऊ उमेदवारीचा राष्ट्रीय कायदा १९३७ चा आहे. २०१६ मध्ये सुधारलेल्या समान संधी नियमांत दिव्यांग उमेदवारांसाठी ७ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्याच वर्षी झुरिच या मूळच्या स्वित्झर्लंडमधील विमा कंपनीने इलिनॉय राज्यातील हार्पर महाविद्यालयाच्या साहाय्याने विमा व्यवसायासाठी शिकाऊ उमेदवारी सुरू केली.

टीका व मर्यादा

कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. कायम कर्मचाऱ्यांना मिळणारे भविष्य निर्वाह निधीसारखे लाभ त्याला मिळत नाहीत. मात्र आरोग्य, सुरक्षितता आणि कामाच्या ठिकाणी झालेल्या इजेची भरपाई यांविषयीच्या तरतुदी त्याला लागू होतात. या फरकामुळे शिकाऊ उमेदवार हे स्वस्त मनुष्यबळ ठरण्याचा धोका असल्याची टीका केली जाते. ज्या कार्यालयात दरवर्षी नवे उमेदवार येतात, तेच नोंदी भरण्याचे काम करतात आणि वर्षाअखेर निघून जातात, तेथे प्रशिक्षण आणि हंगामी नेमणूक यांतील भेद उरत नाही.

दुसरी टीका समावेशकतेच्या मोजमापाविषयी आहे. वंचित गटांतील उमेदवार किती घेतले एवढीच नोंद ठेवल्यास ते कोणत्या कामावर होते हे कळत नाही. दिव्यांग उमेदवारास दूरध्वनी किंवा टपाल विभागापुरते मर्यादित ठेवणे आणि इतरांस कर्जछाननी शिकवणे अशी विभागणी झाल्यास आकडेवारी समाधानकारक दिसली तरी संधी समान राहत नाही.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार दरमहा ६००० ते १०,००० रुपये विद्यावेतनावर आरंभी ६ महिन्यांचे कार्यप्रशिक्षण देण्यात आले. पुढे हा कालावधी ११ महिन्यांपर्यंत वाढवण्यात आला. ही योजना शिकाऊ उमेदवार अधिनियमापासून स्वतंत्र आहे. प्रशिक्षण संपल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे समान आहे.

प्रशिक्षणानंतरची नेमणूक

प्रशिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवारास नोकरी देण्याचे सर्वसाधारण बंधन कायदा नियोक्त्यावर घालत नाही. तथापि २०१४ च्या दुरुस्तीनंतर अशा उमेदवारांच्या भरतीविषयी प्रत्येक नियोक्त्याने स्वतःचे धोरण आखणे अपेक्षित आहे. हे धोरण करारापूर्वीच उमेदवारास सांगितल्यास अल्प उत्पन्न गटातील कुटुंबाला वर्षभराच्या विद्यावेतनाचा निर्णय जाणतेपणाने घेता येतो. नोकरी देणे शक्य नसल्यास प्रमाणपत्र, केलेल्या कामाचे नेमके वर्णन आणि शिफारसपत्र यांचा पुढील ठिकाणी उपयोग होतो.

नियोक्त्यासाठी उपयुक्त मोजमाप तीन संख्यांचे असते: प्रत्येक सामाजिक गटातील किती उमेदवार आले, किती जणांनी मुदत पूर्ण केली आणि किती जणांना नोकरी मिळाली. पहिल्या व दुसऱ्या संख्येतील तफावत साधारणतः विद्यावेतन, निवास किंवा सोयींतील उणीव दाखवते. दुसऱ्या व तिसऱ्या संख्येतील तफावत नेमणुकीच्या धोरणाकडे बोट दाखवते. बिनपगारी उमेदवारीच्या काळी अशी नोंद कोणी ठेवत नसे. मध्येच घरी परतलेल्यांची गणना झाली नाही, आणि जे टिकले तेच लायक होते असा समज त्यामुळे रूढ झाला.